ठरावाचा हंगाम

सरकारी वर्ष एक एप्रिलला सुरू होतं आणि गावाचं वर्ष मृग लागल्यावर. मधल्या दोन महिन्यांत विहिरी तळाला गेलेल्या असतात, राब भाजून होत आलेले असतात, लग्नसराई जोरात असते आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मागच्या वर्षाचे हिशेब मिटवायची धांदल असते. ग्रामपंचायतीविषयीच्या निम्म्या तक्रारी या दोन वर्षांच्या न जुळण्यातून येतात. माणसाला विहीर आठवते मे महिन्यात. त्या विहिरीचा पैसा मात्र आदल्या ऑक्टोबरात ठरून गेलेला असतो. हे असं का, ते कळायचं तर वर्षाची अख्खी फेरी एकदा सावकाश पाहायला हवी.

त्यासाठी धसई घेऊ. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं भातपट्ट्यातलं हे गाव. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांचा बाजार इथेच होतो. नोटाबंदीनंतर तीन आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ला, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने वडापावच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत स्वाइप मशीन आली, पाठोपाठ कॅमेरे आले आणि यथावकाश निघूनही गेले. ग्रामपंचायतीच्या रोजच्या कामाला तेवढं भाग्य कधी लाभत नाही. म्हणून इथे तेच पाहू. पुढे सांगतो ते धसईएवढंच शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या आणि राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनाही लागू आहे, कारण सगळ्यांचा कायदा एकच, १९५८चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम.

आधी माणसं. लोकसंख्येनुसार सात ते सतरा सदस्य, त्यातल्या निम्म्या जागा महिलांसाठी. सरपंच थेट मतदारांनी निवडलेला. आणि भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक. २०२४मध्ये सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं. गावाने मात्र ‘भाऊसाहेब’ सोडलेलं नाही. भाऊसाहेब जिल्हा परिषदेचा नोकर असतो, सरपंच गावाचा निवडलेला; आणि पैसा काढायला दोघांच्या सह्या लागतात. एक बदलून जाऊ शकतो, दुसरा निवडणुकीत पडू शकतो, म्हणून दोघांनाही कागद जपावे लागतात. त्यांच्या जोडीला शिपाई, पाणी सोडणारा, कुठे सफाई कामगार आणि दाखले काढून देणारा संगणक परिचालक.

तलाठी यात येत नाही, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. सातबारा तलाठ्याकडे, घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीकडे. दोन्ही कार्यालयं जवळजवळ असली की चुकीच्या दारात उभं राहून वैतागलेली माणसं हमखास दिसतात.

हे ‘नमुने’ म्हणजे ग्रामपंचायतीचा खरा संसार. २०११च्या लेखासंहितेत १ ते ३३ असे नमुने आहेत. पहिला अंदाजपत्रकाचा, पाचवा रोकडवहीचा, बाविसावा स्थावर मालमत्तेचा, तेहेतिसावा झाडांचा. गावाच्या मालकीचं आंब्याचं झाड पडलं तर तेसुद्धा कुठेतरी वजा व्हायला हवं, अशी ही व्यवस्था. सामान्य माणसाचा संबंध येतो तो आठ, नऊ आणि दहाशी. आठव्यात घराची कर आकारणी, नवव्यात या वर्षाची मागणी, दहावा म्हणजे पैसे भरल्याची पावती. आठचा उतारा हातात आला म्हणजे घर आपल्या मालकीचं झालं, असा समज सगळीकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. आठ सांगतो कर कोणाकडून घ्यायचा ते. जागा कोणाची हे त्याने सिद्ध होत नाही. गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी ‘स्वामित्व’ योजना २०२०मध्ये आली, ती नेमकी या त्रुटीपायी.

आता एप्रिल-मे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. रूढ तारखा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी. त्याशिवाय सदस्यांची मासिक सभा दर महिन्याला वेगळी. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते आणि तिचे ठराव मुख्य सभेपुढे ठेवायचे असतात. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप आणि चालू वर्षाचा विकास कार्यक्रम हे सगळं लोकांपुढे यायला हवं. म्हणजे पैसा कुठे गेला हे विचारायची कायदेशीर जागा ही. पण मे महिन्यात अर्धं गाव लग्नात आणि उरलेलं पाण्याच्या रांगेत, त्यामुळे अहवाल ‘वाचून कायम’ होतो.

गणपूर्तीचा नियम असा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. तेवढी नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. या पळवाटेवर अनेक गावांचा कारभार वर्षानुवर्षं चाललाय. दोष नुसता सरपंचाला देऊन भागणार नाही. आवणीच्या दिवसांत सभा ठेवली तर माणूस चिखलातून उठून यायचा नाही, हे ज्याने सभेची तारीख ठरवली त्यालाही ठाऊक असतं.

उन्हाळ्यात खरा विषय पाण्याचा. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो, हे लिहून लिहून शाई संपली. टँकर मिळतो कसा, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. ग्रामपंचायत ठराव करून प्रस्ताव पंचायत समितीकडे पाठवते. मग महसूल आणि पंचायत समितीचे लोक मिळून पाहणी करतात: जवळपास दुसरी विहीर आहे का, खासगी विहीर ताब्यात घेता येईल का, माणसं किती. माणशी दिवसाला २० लिटर धरून खेपा ठरतात. पण यालाही आधीचा कागद लागतो. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत आखला जातो. आपल्या पाड्याची विहीर दर वर्षी मार्चअखेर आटते हे गावात पोरासोरांनाही माहीत असतं. ते दिवाळीच्या सुमाराला आराखड्यात लिहिलं गेलं असेल तर मे महिन्यातली पळापळ बरीच वाचते.

पाऊस सुरू झाला की पाण्याची चिंता उलटी होते. पाणी आहे, पण गढूळ. आता पाणी सोडणारा, ज्याला कागदावर जलसुरक्षक म्हणतात, तो गावातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस होतो. त्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, पण किती? हिशेब असा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीने गुणायचं आणि शेवटी ७८५ने. आलेला आकडा म्हणजे लिटर. तीन मीटर व्यासाची विहीर आणि दोन मीटर पाणी असेल तर साधारण १४ हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. जुलैत तीच विहीर पाच मीटर भरली की ३५ हजार लिटर होतात आणि पावडर लागते पावणेदोनशे ग्रॅम. उन्हाळ्याचंच माप पावसाळ्यात चालू ठेवलं तर पावडर टाकल्याचं समाधान मिळतं, पाणी शुद्ध होत नाही. पावडर थेट विहिरीत ओतायचीही नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, बादली भरून ढवळायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी पाण्यात सोडायची. तासाभराने नळाचं किंवा विहिरीचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन उतरलं. रंग आला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पावडर उघड्या पोत्यात दमट खोलीत पडून राहिली की तिचा जोर जातो, म्हणून जूनची खरेदी ऑगस्टपर्यंत कशी ठेवली हेही विचारण्याजोगं असतं.

पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. लाल म्हणजे धोका जास्त. कार्यालयाच्या भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग असते. कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यातच कराची बिलं वाटली जातात. घरपट्टी, दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी. ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट, वर्ष उलटलं तर ५ टक्के दंड. घरपट्टी पूर्वी क्षेत्रफळावर होती. २०१५च्या अखेरीस नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर आली. जागेचा शासकीय दर, बांधकामाचा दर, घर किती जुनं म्हणून घसारा आणि वापर राहण्याचा की धंद्याचा, यांवरून मूल्य काढतात आणि दर हजार रुपयांमागे काही पैसे कर बसतो. चार वर्षांतून एकदा फेरआकारणी होते. मुरबाड-शहापूर पट्ट्यात फार्महाऊस वाढली आहेत, त्यामुळे ही फेरआकारणी इथे नुसती कागदी बाब राहिलेली नाही. कुडाच्या घराची नोंद तीस वर्षं आठव्यात आहे आणि त्यापलीकडच्या आवाराच्या भिंतीआडचा बंगला कुठेच नाही, असं कोणत्याही गावाचं होऊ शकतं. यादी करताना वाड्यांवरून पायी फिरणारा माणूस लागतो.

बिल काही शे रुपयांचं असतं, म्हणून लोक ते हसण्यावारी नेतात. पण केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाहीत. पाणी सोडणाऱ्याला आणि शिपायाला पैसे द्यायचे तर त्यात गावाच्या स्वतःच्या वसुलीचा वाटा लागतोच. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. वसुली शून्य तर हे सगळे टक्के शून्याचे.

आता ऑक्टोबर. गावाला ग्रामपंचायतीशी वर्षातून एकदाच भांडायचं असेल तर ते या महिन्यात भांडावं. २ ऑक्टोबरच्या सुमाराला पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा सुरू होतो. राज्यात २०१५पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने ही पद्धत आली, कारण चौदाव्या वित्त आयोगाने पैसा थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात द्यायला सुरुवात केली. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०२६पर्यंत, राज्याने त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दिला. २०२१पासूनच्या पाच वर्षांत यातला ६० टक्के पैसा बंधित होता: निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. मंदिरापुढे पेव्हर ब्लॉक हवेत आणि गटार नको, असं गावाने एकमुखाने म्हटलं तरी बंधित पैसा गटाराकडेच जायचा. सरपंचाने ‘वरून पैसाच आला नाही’ असं सांगितलं तर विचारावं, बंधित की अबंधित?

समजा वाडीवरच्या विहिरीला कठडा बांधायचा आहे. वाडीतल्या बाईने महिला सभेत तो विषय काढला, भाऊसाहेबाने लिहून घेतला, ग्रामसभेत तो यादीत आला. एवढ्यावर काम झालं असं वाटतं. खरं तर इथे सुरुवात होते. आराखड्यात नोंद झाली की ती ‘ई-ग्रामस्वराज’ या २०२०पासूनच्या संकेतस्थळावर चढते. मग पंचायत समितीचा अभियंता येऊन अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, पूर्णत्वाचा दाखला. त्यानंतर सरपंच आणि भाऊसाहेब यांच्या डिजिटल सह्यांनी पैसा ठेकेदाराच्या खात्यात. यातल्या कुठल्याही पायरीवर महिना सहज जातो. म्हणून ऑक्टोबरच्या यादीत नसलेला कठडा पुढच्या पावसाळ्याआधी उभा राहत नाही. आराखड्यात नंतर बदल करता येतो, पण पुन्हा ठराव, पुन्हा मान्यता.

या वेळापत्रकात ज्यांची सगळ्यात जास्त अडचण होते ते कातकरी. भात कापून दिवाळी झाली की अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे २६ जानेवारीची सभा त्यांच्याविना, १ मेची सभा त्यांच्याविना. १५ ऑगस्टला माणसं गावात असतात, पण शेतात. उरते ती ऑक्टोबरची. चांगला सरपंच ही सभा कापणीला हात लागायच्या आत घेतो आणि त्याआधी वाडीवर जाऊन शिवारफेरी करतो. तेवढा एक आठवडा चुकला की वाडीची मागणी वर्षभर मागे पडते, आणि मग ‘ते लोक सभेला येतच नाहीत’ असं इतिवृत्तात न लिहिता तोंडी म्हटलं जातं.

शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम लागू आहेत. पाडा स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करण्याचा प्रस्ताव करू शकतो आणि त्याची ग्रामसभा वेगळी भरू शकते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५पासून थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. ज्या पाड्याला वर्षानुवर्षं मोठ्या गावाच्या सभेत मागच्या रांगेत बसावं लागलं, त्याच्यासाठी हा बदल रस्त्याच्या डांबरापेक्षा मोठा आहे. अर्थात पाड्यात इतिवृत्त लिहिणारा कोणी हवा.

हिवाळ्यात अंदाजपत्रक तयार होऊन पंचायत समितीकडे जातं. याच दिवसांत पौष पौर्णिमेच्या सुमाराला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाची यात्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी ती नावाजलेली, त्यामुळे त्या दिवसांत कार्यालयात कोणी भेटेल अशी आशा धरू नये. २६ जानेवारीच्या सभेत फारसं नवं घडत नाही.

फेब्रुवारी-मार्च म्हणजे वसुली. शिपाई दारोदार फिरतो, ध्वनिक्षेपकावरून थकबाकीदारांना आठवण दिली जाते, आधी मागणीचं बिल, मग मागणीचा लेख आणि अगदी शेवटी जप्तीचं अधिपत्र. प्रत्यक्षात जप्तीपर्यंत क्वचित जातं. मुलाच्या लग्नाचा किंवा जन्माचा दाखला हवा असला की थकबाकी आपोआप भरली जाते. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची गावातली नोंदणी भाऊसाहेबाकडेच असते. जन्म-मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यायची; पुढे विलंब शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि तालुक्याच्या फेऱ्या. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद तिथल्या तिथे करून घेतली तर शाळेच्या दाखल्यापर्यंतचे बरेच हेलपाटे वाचतात.

मार्चअखेर रोकडवही आणि बँकेचं पुस्तक जुळवायचं. पुढे केव्हातरी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक येऊन पावती फाटली पण रोकडवहीत दिसत नाही, साहित्य घेतलं पण साठा नोंदवहीत चढवलं नाही असे आक्षेप काढतात. हे आक्षेप पुढच्या ग्रामसभेपुढे वाचले जायला हवेत. बहुतेक ठिकाणी ते कपाटात राहतात, आणि विचारणारा एकही नसला तर राहतीलच.

विचारायचं कसं, तेही सोपं आहे. सभेत विषय तोंडी मांडला तर इतिवृत्तात तो आला की नाही हे सभा संपण्याआधी वाचून घ्यावं. सभेला जाता येत नसेल तर मागणी साध्या कागदावर लिहावी, दोन प्रती कराव्यात, एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. उत्तर नाही आलं तर २००५च्या माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीत जनमाहिती अधिकारी म्हणजे पुन्हा भाऊसाहेबच. आराखड्याची यादी आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराजवर मोबाइलवरही पाहता येतो, तिथे आधी आर्थिक वर्ष निवडावं लागतं. आणि मागणीचा अर्ज शक्यतो सप्टेंबरात, ऑक्टोबरची यादी व्हायच्या आत द्यावा.